१३१ पासून शून्यापर्यंत

सोमवार

पुण्याहून समुद्राला जायचं म्हणजे आधी घाट. ताम्हिणी नाहीतर वरंधा, ऋचाला लहानपणी हमखास उलटी, वाटेत कुठेतरी चहा, आणि ऊन कलता कलता दापोली. ऋचाच्या न्यू जर्सीत घाटच नाही. एडिसन गावातल्या तिच्या घरातून निघालो, ओक ट्री रोडवर इडल्या बांधून घेतल्या आणि गार्डन स्टेट पार्कवे नावाच्या रस्त्याला लागलो. या रस्त्याच्या एक्झिटना मैलांचे आकडे दिलेत आणि मोजणी राज्याच्या दक्षिण टोकाला, केप मे गावापासून सुरू होते. आम्ही चढलो १३१ ला. जायचं होतं शून्याला. पाच दिवस, पाच माणसं: ऋचा, जावई अभिजित, शाळेचे शेवटचे दोन-तीन दिवस बुडवलेली आठ वर्षांची सई, मी आणि हे.

यांच्याबद्दल आधीच सांगून ठेवते. हे पुण्यातल्या एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमधून निवृत्त झाले. तीस वर्षं बॅच पास करणं आणि फेल करणं हेच काम. त्यामुळे कुठेही गेलो की आधी खोट सापडते, मग ठिकाण.

पहिली खोट ॲस्बरी पार्कलाच सापडली. समुद्रावर जायला तिकीट! सईला फुकट, बाकी चौघांनी पैसे मोजायचे. "पर्वतीच्या पायऱ्यांना तिकीट लावल्यासारखं आहे," हे म्हणाले. अभिजितनं सांगितलं की ही प्रथा शेजारच्या ब्रॅडली बीच गावानं १९२९ मध्ये सुरू केली. पुढे एका गावानं गावकऱ्यांना कमी आणि बाहेरच्यांना जास्त दर लावून पाहिला, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये तो हाणून पाडला. समुद्रावर हक्क सगळ्यांचा, तेव्हा दरही सगळ्यांना एकच. पैसा जातो सफाईला आणि जीवरक्षकांना. ते समोरच दिसत होते, उंच पांढऱ्या खुर्च्यांवर, नजर पाण्यावरून न हलवता. कोणी जरा आत गेलं की शिट्टी. आपल्याकडे लागून सुट्ट्या आल्या की कोकणातून पुण्याच्या पोरांच्या ज्या बातम्या येतात, त्या आठवल्या आणि मी कुरकुर थांबवली. यांनी चालू ठेवली.

ॲस्बरी पार्क रॉक संगीतवाल्यांचं गाव. 'स्टोन पोनी' नावाचा एक बसका क्लब आहे, १९७४ चा. ब्रूस स्प्रिंगस्टीन तिथे वाजवायचा म्हणून अभिजितनं बंद दारासमोर उभं राहून चार फोटो काढले. मला त्यातलं काही कळत नाही. मला आवडलं ते बोर्डवॉकवरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फळ्यांच्या वाटेवरून, दक्षिणेला चालत गेलं की लागणारं ओशन ग्रोव्ह.

मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८६९ मध्ये उन्हाळी प्रार्थना-मेळाव्यासाठी हे गाव वसवलं. आपल्याकडे नामसप्ताहाला मांडव पडतो आणि लोक मुक्कामाला येतात, तसंच. फरक एवढाच की इथला मांडव उठलाच नाही. शंभरावर तंबू आजही दर उन्हाळ्यात उभे राहतात. पुढे पट्ट्यापट्ट्यांचं कापड, ओसरी, ओसरीवर झुलती खुर्ची आणि कुंड्या. मागे लाकडी खोली, तिच्यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. हिवाळ्यात कापड घडी करून त्याच खोलीत ठेवायचं. तंबू पिढ्यान् पिढ्या एकेका घराकडे असतात आणि नव्यानं हवा असेल तर वर्षानुवर्षं थांबायची तयारी लागते. मधोमध १८९४ चं अवाढव्य लाकडी सभागृह. १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत या गावात रविवारी गाडी चालवायलाही बंदी होती. एका ओसरीवर माझ्याच वयाच्या बाई शेंगा निवडत बसल्या होत्या. मी थांबून बघत राहिले तशा हसल्या आणि पुन्हा निवडू लागल्या.

यांना तंबूत खोट सापडली नाही. "कापड चांगलंय," म्हणाले.

मंगळवार

सकाळी उजाडायच्या आत बोर्डवॉकवर जाऊन बसलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. थोड्या वेळानं लक्षात आलं. सूर्य समुद्रातून वर येत होता. आमचा सगळा जन्म समुद्रात सूर्य बुडताना बघण्यात गेला. मुरुडला काय, गुहागरला काय, संध्याकाळ झाली की सगळे पश्चिमेला तोंड करून बसणार. इथे संध्याकाळी समुद्र काळवंडतो आणि सूर्य जातो मागच्या हॉटेलांच्या आड. दिवसाची घडी उलट्या बाजूनं घातल्यासारखी.

पेट्रोल भरायला थांबलो. आम्ही गाडीत बसून, पंपावरचा माणूस भरतोय, अगदी कर्वे रोडसारखं. साऱ्या अमेरिकेत आता हे एकच राज्य उरलंय जिथे गिऱ्हाइकानं स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी आहे.

सीसाइड हाइट्सला फक्त चहा. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळानं इथला धक्का मोडला आणि अख्खा रोलरकोस्टर समुद्रात जाऊन उभा राहिला, तो फोटो तेव्हा आपल्याकडच्या पेपरांतही आला होता. पुढच्याच सप्टेंबरात नव्या फळ्यांना आग लागली. आता सगळं पुन्हा उभं आहे, सई दोनदा पाळण्यात बसली, चला पुढे.

एक्झिट ३८. अटलांटिक सिटी.

ज्या गोष्टीसाठी हा सगळा किनारा ओळखला जातो, ती बोर्डवॉक नावाची फळ्यांची वाट, तिचा जन्म या गावचा आणि कारण एकदम घरगुती: वाळू. मुंबईहून माथेरानला जावं तसे फिलाडेल्फियाचे लोक आगगाडीनं इथे यायचे आणि परतताना पायांना लागलेली वाळू डब्यांत आणि हॉटेलांच्या गालिच्यांवर सांडायचे. अलेक्झांडर बोर्डमन नावाचा रेल्वेचा कंडक्टर आणि जेकब कीम नावाचा हॉटेलवाला या झाडलोटीला कंटाळले आणि त्यांनी गावाच्या गळी उतरवलं की किनाऱ्यानं फळ्या टाका. १८७० च्या जूनमध्ये पहिली वाट झाली, मैलभर लांब आणि आठ फूट रुंद. थंडी आली की फळ्या उचलून ठेवायच्या, उन्हाळ्यात पुन्हा मांडायच्या. ऋचा लहान असताना दापोलीहून परतलो की चार दिवस मी घरात वाळू झाडत असायची. तेव्हा बोर्डमनसाहेबांचं दुःख मला लगेच कळलं.

आजची वाट चारेक मैल आहे आणि एखादी मिरवणूक मावेल इतकी रुंद. फळ्या माशाच्या काट्यासारख्या तिरक्या बसवल्यात. चपलेखाली त्या किंचित दबतात आणि पोकळ वाजतात. सिमेंटवर दुखणारा माझा गुडघा इथे तासभर चालूनही गप्प होता. हे मात्र दर दहा पावलांवर वाकून खिळे बघत होते. दोन वर आलेले सापडले.

या वाटेवर चाकांच्या वेताच्या खुर्च्या फिरतात. आपण बसायचं, मागून माणूस ढकलणार. अभिजितनं आमच्यासाठी ठरवली. बसले खरी, पण डोलीत बसून गड चढल्यासारखं ओशाळं वाटत राहिलं. ढकलणाऱ्या मुलाला मध्येच थांबवून मी उतरले आणि त्याच्याबरोबर चालू लागले. हे आरामात बसून राहिले.

आपण लहानपणी 'व्यापार' खेळायचो, त्याचा मूळ अवतार म्हणजे मोनोपॉली. पार्कर ब्रदर्सनं १९३५ मध्ये विकायला काढलेल्या त्या पटावरचे जवळजवळ सगळे रस्ते याच गावचे. सईकडे तो खेळ आहे, त्यामुळे तिला रस्त्यांच्या पाट्या बघून माधुरी दीक्षित दिसल्यासारखा आनंद होत होता. पटावरची सगळ्यात महाग जागा बोर्डवॉक. प्रत्यक्षात तिथून एक रस्ता आत गेलं की मोकळे प्लॉट आणि फळ्या ठोकून बंद केलेली दुकानं दिसतात. गाव वर यावं म्हणून १९७६ मध्ये मतदान घेऊन जुगाराला परवानगी दिली, १९७८ मध्ये पहिला कसिनो उघडला. २०१४ या एका वर्षात चार बंद पडले. १९९० मध्ये ट्रम्प यांनी इथे 'ताजमहाल' नावाचा कसिनो उघडला होता, घुमट वगैरे लावून. तोही २०१६ मध्ये मिटला आणि आता तिथे दुसऱ्या नावाचं हॉटेल आहे. आम्ही आत जाऊन आलो. खिडकी नाही, घड्याळ नाही, यंत्रांसमोर बसलेली आमच्याच वयाची माणसं. दहा मिनिटांत बाहेर आलो. समुद्र शंभर पावलांवर असताना लोक आत का बसतात, हे मला कोणी समजावून सांगा.

रात्री सॉल्ट वॉटर टॅफी, इथली चिवट गोळी. नाव तसं, पण तिच्यात समुद्राचं पाणी नसतं. १८८३ मध्ये भरतीचं पाणी एका मिठाईवाल्याच्या दुकानात शिरलं आणि त्यानं वैतागून "घ्या, खाऱ्या पाण्याची टॅफी" म्हटलं, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी बोर्डवॉकला माहीत. लोणावळ्याला जसं प्रत्येक चिक्कीवाल्याच्या पाटीवर 'ओरिजिनल' असतं, तसंच इथेही. फरक असा की चिक्की दात पाडते आणि टॅफी धरून ठेवते. यांचा दातांचा ब्रिज हलला.

बुधवार

मार्गेट गावात सहा मजली हत्तीण आहे. तिचं नाव ल्यूसी. जेम्स लॅफर्टी नावाच्या माणसानं १८८१ मध्ये लाकडाची बांधून वरून पत्रा मढवला. कशासाठी? प्लॉट विकायला! गिऱ्हाइकाला हत्तिणीच्या पाठीवरच्या अंबारीत न्यायचं आणि वरून जमीन दाखवायची. आपल्याकडच्या बिल्डरांना अजून हे सुचलेलं नाही, सुचवूही नका. मागच्या पायातल्या गोल जिन्यानं वर जायचं. पोटात खोली, डोळ्यांच्या जागी खिडक्या. पुढे ती मोडकळीला आली, पाडायची वेळ आली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून १९७० मध्ये तिला उचलून थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या जागी नेलं. गाइडचं हे सांगून होईपर्यंत हे तिच्या पोटऱ्यांवर टिचक्या मारून पत्र्याची जाडी बघत होते.

एक्झिट २५, ओशन सिटी. हेही पाद्र्यांनी वसवलेलं, १८७९ चं. गावात दारू विकत नाहीत, तेव्हापासून आजपर्यंत. त्यामुळे बोर्डवॉकवर सगळी लेकुरवाळी मंडळी, पॉपकॉर्न आणि डोनट. आम्ही बाकावर बसून पुण्याहून आणलेली बाकरवडी काढली. पहिला तुकडा तोंडाशी नेला आणि कानाजवळ फडफड झाली. सीगलनं माझ्या बोटांतून बाकरवडी नेली. बोटांना ओरखडासुद्धा नाही, इतकं सफाईदार काम. या पक्ष्यांचा उच्छाद एवढा वाढला की गावानं २०१९ पासून ससाणे पाळणारे लोक कामाला ठेवलेत. आम्ही बसलो होतो तिथे ससाणा नव्हता. सीगल मात्र बाकरवडी खाऊन परत आला आणि समोर उभा राहिला. तिखट चाललं म्हणायचं.

गुरुवार

वाइल्डवुड, एक्झिट ४. इथे समुद्राला तिकीट नाही, म्हणून हे खुशीत. पण समुद्रच सापडेना. वाळू इतकी की चालतोय, चालतोय आणि पाणी आपलं लांबच. या किनाऱ्यावर वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत येते आणि इथे साठते. शेजारच्या नॉर्थ वाइल्डवुडचा किनारा तेवढाच झिजतो. मग काही वर्षं इथली वाळू ट्रक भरभरून तिकडे नेऊन टाकत. समुद्र ती परत आणायचा. एका गावाची डोकेदुखी दुसऱ्या गावाची दौलत.

१९५० आणि ६० च्या दशकांतली मोटेलं इथे जपून ठेवलीत. वाकडीतिकडी छपरं, निऑनची नावं आणि प्लास्टिकचे माड. खरे माड इथल्या थंडीत टिकत नाहीत. आमच्या मोटेलवाल्यानं तळमजला कबूल करून दुसऱ्या मजल्यावरची खोली दिली, लिफ्ट नाही. यांनी काउंटरवर जाऊन बुकिंगचा कागद समोर धरला आणि मराठी वळणाच्या इंग्रजीत अर्धा तास सुनावलं. खोली काही बदलून मिळाली नाही. बॅगा अभिजितनं चढवल्या.

बोर्डवॉकवर पिवळी-निळी ट्रॅम धावते, रुळांशिवाय. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातल्या या गाड्या, इथे १९४९ पासून आहेत. समोर माणूस आला की एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज: "वॉच द ट्रॅम कार, प्लीज." १९७१ पासून तोच आवाज, तोच सूर, दिवसभर. सईनं तो उचलला आणि पुढचे दोन दिवस कुणीही तिच्या वाटेत आलं की ऐकवत राहिली. लक्ष्मी रोडवर ही युक्ती किती चालेल, याची यांना शंका आहे.

शुक्रवार

शून्य. पार्कवे संपला.

केप मे म्हणजे लाकडी नक्षीची, गुलाबी-हिरवी, कापडी झालर लावल्यासारखी दिसणारी जुनी घरं. १८७८ च्या आगीत बराच भाग जळाला, त्यानंतर बांधलेली. दीपगृह १८५९ चं आहे आणि वर जायला १९९ पायऱ्या. मी चढले. पर्वतीची सवय अशा वेळी उपयोगी पडते. हे खाली बसले. वरून एका हाताला अटलांटिक आणि दुसऱ्या हाताला डेलावेअरची खाडी दिसते. खाडीच्या किनाऱ्यावर सईनं गारगोट्या गोळा केल्या, त्यांना इथे केप मेचे हिरे म्हणतात. पहिल्या महायुद्धात पोलाद मिळेना म्हणून सिमेंट काँक्रीटची जहाजं बांधली होती. त्यातलं एक, 'अटलांटस', १९२६ च्या वादळात इथे रुतलं ते कायमचं. आता पाण्याबाहेर जेमतेम एक काळा तुकडा.

त्या दिवशी वटपौर्णिमा होती. वड कुठून आणणार? मोटेलबाहेरच्या प्लास्टिकच्या माडाला दोरा गुंडाळ, असं ऋचानं सुचवलं होतं. मी फक्त उपास केला, तोही फ्रेंच फ्राइजवर.

पौर्णिमा म्हणूनच अभिजित संध्याकाळी आम्हाला खाडीच्या काठानं थोडं उत्तरेला, रीड्स बीचला घेऊन गेला. बोर्डवॉक नाही, दुकान नाही, तिकीट नाही. चिखलट वाळू, डास आणि कुजकट वास. भरती चढत होती. आणि पाच दिवसांत पहिल्यांदा सूर्य पाण्यात बुडत होता. मी चप्पल काढली.

वाळूवर हेल्मेटं पडली होती. निदान लांबून तसं वाटलं. पुण्यात जे डोक्यावर घालायला कोणी तयार नाही, ते इथे ढिगानं. जवळ गेल्यावर एक हललं.

"लिम्युलस," हे म्हणाले. इतक्या हळू की मला वाटलं काही तरी दुखतंय.

इंग्रजीत याला हॉर्सशू क्रॅब म्हणतात, आकार घोड्याच्या नालेसारखा म्हणून. खेकडा नाहीच तो, नातं कोळी-विंचवांशी. डोशाच्या तव्याएवढी तपकिरी पाठ, मागे दाभणासारखी ताठ शेपटी. याचे पूर्वज ४४ कोटी वर्षांपासून जवळपास याच रूपात आहेत. मे-जूनच्या पौर्णिमा-अमावास्येला भरतीबरोबर ते काठाला येतात, मादी वाळूत अंडी घालते, तिच्या पाठीला नर चिकटलेला असतो. लाटेनं कोणी उलटा पडला की शेपटी टेकवून सरळ व्हायची धडपड करतो. नाही जमलं तर सकाळी सीगल.

याचं रक्त निळं असतं, तांब्यामुळे. जिवाणूंच्या विषाचा अंश जरी लागला तरी ते थिजतं. पूर्वी सलाईनची आणि इंजेक्शनची बॅच तपासायला सशांना टोचून तीन तास त्यांचा ताप मोजत बसायचे. यांनी नोकरीच्या सुरुवातीला तेही केलंय. मग या रक्तापासून बनवलेली पावडर आली, एल.ए.एल. नळीत नमुन्याबरोबर मिसळायची, ३७ अंशांवर तासभर ठेवायची आणि नळी उलटी करायची. आतलं घट्ट राहिलं तर बॅच फेल, ओघळलं तर पास. त्यासाठी इथल्या प्राण्यांना पकडून थोडं रक्त काढतात आणि परत सोडतात. सगळे जगत नाहीत. आता प्रयोगशाळेत तयार केलेला पर्याय निघालाय. मासेमारीच्या आमिषासाठी या प्राण्यांना धरायला न्यू जर्सीनं २००८ मध्ये कायद्यानं बंदी केली.

हे सगळं मला यांनीच सांगितलं, तिथे, उभ्या उभ्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण कामाबद्दल यांनी सलग इतकं बोललेलं मला आठवत नाही. "हजारो नळ्या उलट्या केल्या असतील," म्हणाले. "प्राणी आज बघतोय."

उलटा दिसला तर सरळ करा, शेपटीला धरू नका, कवच दोन्ही कडांनी धरा, असं अभिजितनं सांगितलं. यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पहिला उचलला तेव्हा त्याचे पाय हवेत शिवणयंत्रासारखे चालत होते. यांनी तो पालथा ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. तो क्षणभर थांबला, मग वाळूत शेपटीची बारीक रेघ ओढत पाण्याकडे गेला. सईनं विचारलं, "पास की फेल?"

"पास."

मग दुसरा, मग तिसरा. अंधार पडला, समोर पाणी आणि मागे चंद्र वर आलेला. मला डास फोडून काढत होते, पोटात फ्रेंच फ्राइज कधीच जिरल्या होत्या. अभिजितनं गाडीचे दिवे लावले. ऋचानं दोनदा हाक मारली. हे गुडघाभर चिखलात वाकून उभे, सई मोबाइलची बॅटरी धरून पुढे.

"बाबा, चला!"

"एवढी बॅच संपवून येतो," यांचा आवाज आला.